उतारवयातली फाटलेली कातडी: घरी जखम सांभाळण्याचा क्रम, टप्प्याटप्प्याने

सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या हाताची किंवा नडगीची कातडी फाटली की बहुतेक घरांत दोन गोष्टी होतात. आधी हाताला येईल ते जंतुनाशक जखमेवर ओतलं जातं. मग दुसऱ्या दिवसापासून रोज पट्टी उघडून 'सुकली का' ते पाहिलं जातं. दोन्ही काळजीपोटीच होतं आणि दोन्हींमुळे जखम लांबते. मग 'वय झालं, आता असंच चालायचं' असा निष्कर्ष निघतो. तो बऱ्याचदा चुकीचा असतो. म्हातारपणी जखम उशिरा भरते हे खरं, पण ती भरते. भरतच नसेल तर त्याला वयापलीकडचं काही कारण असतं आणि ते शोधावं लागतं.

हा लेख वरवरच्या जखमांसाठी आहे: टेबलाची कड लागून फाटलेली कातडी, घसरून निघालेलं सालपट, चिकटपट्टी ओढताना उचलला गेलेला पापुद्रा. खोल वार, भाजलेली जागा, प्राण्याचा चावा, बेडसोअर आणि मधुमेह असलेल्या माणसाच्या पावलावरची कोणतीही जखम यांना पहिल्या दिवसापासून डॉक्टरच हवेत.

आधी एवढं समजून घ्या: कातडीत काय बदललेलं असतं

हा भाग वगळून थेट पट्टीकडे जाऊ नका. पुढच्या प्रत्येक सूचनेचं कारण इथे आहे.

आपल्या कातडीचे मुख्य थर दोन: वरची पातळ बाह्यत्वचा आणि खालची जाड अंतस्त्वचा. तरुणपणी हे थर एकमेकांत दातेरी खाचांनी घट्ट अडकलेले असतात. वय वाढतं तशा या खाचा सपाट होत जातात आणि दोन थरांची पकड सैल होते. म्हणून जो धक्का तरुण हातावर फक्त ओरखडा काढेल, तोच धक्का ऐंशीतल्या हाताचा वरचा थर पापुद्र्यासारखा उचलतो. अंतस्त्वचाही पातळ झालेली असते, कारण कातडीला बळ देणारं कोलॅजन हे प्रथिन तयार होणं मंदावतं आणि तुटणं वाढतं. बारीक रक्तवाहिन्यांभोवतीचा आधार त्यामुळे कमी होतो. वयस्कर हातांवर साध्या दाबानेही काळेनिळे डाग उठतात ते यामुळेच.

पेशींच्या पातळीवर तीन गोष्टी घडतात. बाह्यत्वचेच्या पेशी, म्हणजे केराटिनोसाइट, तळाशी जन्मून वर येतात आणि झडतात. तरुणपणी या फेरीला साधारण ४ आठवडे लागतात, उतारवयात ६ आठवडे किंवा त्याहून जास्त. जखम झाकायला याच पेशी कडेकडून आत सरकत येतात, आणि त्यांचं ते सरकणंही मंद झालेलं असतं. दुसरं, अंतस्त्वचेत कोलॅजन विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी कमी होतात आणि इशाऱ्यांना उशिरा प्रतिसाद देतात. त्यांतल्या काही जीर्ण होतात. त्यांचं विभाजन थांबलेलं असतं, पण त्या मरतही नाहीत. उलट दाह वाढवणारी रसायनं आणि कोलॅजन तोडणारी एन्झाइम त्या भोवताली सोडत राहतात. तिसरं, जखमेतला कचरा उचलणाऱ्या मॅक्रोफेज पेशींचं काम संथ होतं. त्यामुळे दाहाचा टप्पा लवकर आवरत नाही आणि भराव सुरू व्हायला उशीर होतो.

जखम भरण्याचा क्रम मात्र सर्व वयांत एकच असतो. काही मिनिटांत रक्त गोठतं. पहिले काही दिवस दाह, म्हणजे साफसफाई. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून साधारण तिसऱ्या आठवड्यापर्यंत भराव आणि वरून नवी कातडी. त्यानंतर कित्येक महिने आतली वीण पक्की होत राहते. उतारवयात यांतला प्रत्येक टप्पा उशिरा सुरू होतो आणि लांबतो. आधीच हळू चाललेल्या या कामात आपण रोज हात घातला तर ते दरवेळी मागे जातं.

तयारी: जखम होण्याआधी घरात काय हवं

वयस्कर माणूस घरात असेल तर हे सामान आधीच एका डब्यात भरून ठेवा. ऐनवेळी कपाटं धुंडाळताना हाती लागतात ती कापूस आणि चिकटपट्टी, आणि नेमक्या याच दोन गोष्टी नको असतात.

डब्यात ठेवा: निर्जंतुक सलाइनच्या लहान बाटल्या, निर्जंतुक गॉझ, सिलिकॉनची न चिकटणारी जाळी किंवा सिलिकॉनचं मऊ फोम ड्रेसिंग, रोलर बँडेज किंवा हातापायावर चढवायची नळीसारखी लवचीक पट्टी, एकदा वापरून टाकायचे हातमोजे, गोल टोकाची कात्री, पेन आणि लहान मोजपट्टी. सिलिकॉनची जाळी मिळाली नाही तर पॅराफिनची जाळी चालते. ती लवकर वाळते, म्हणून दोन-तीन दिवसांत बघावी लागते.

याच डब्यात एक कागद हवा. त्यावर चालू औषधांची यादी, त्यांत रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि स्टिरॉइड ठळक लिहिलेली, ॲलर्जी आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते. दवाखान्यात पहिल्यांदा हेच विचारतात आणि नेमकं हेच कुणाला आठवत नाही.

*डब्यात ठेवू नका:* सुटा कापूस (त्याचे तंतू जखमेत अडकतात), घट्ट चिकटणारी साधी चिकटपट्टी, हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट.

टप्पा १: रक्त थांबवा

माणसाला बसवा किंवा आडवं करा. रक्त पाहून किंवा धक्क्याने चक्कर येऊ शकते, आणि दुसऱ्यांदा पडणं पहिल्या जखमेपेक्षा महागात पडतं. हात धुवा, हातमोजे घाला. स्वच्छ गॉझची घडी जखमेवर ठेवून तळहाताने सरळ खाली, एकसारखा दाब द्या. जखमी हात किंवा पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर उचलून ठेवा. सूज येण्याआधी त्या हातातली अंगठी आणि बांगडी काढा.

घड्याळ लावून १० मिनिटं दाबा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर १५. मध्ये उचलून बघू नका, कारण प्रत्येक वेळी नुकतीच धरलेली गुठळी सुटते. गॉझ भिजलं तर ते तसंच ठेवून वरून दुसरं ठेवा.

*चूक:* दाबताना चोळणं किंवा पुसणं. सैल झालेला पापुद्रा इथेच निखळतो.

*इशारा:* रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. तिचा पुढचा डोस घ्यायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील.

टप्पा २: घरी की दवाखान्यात, हे आत्ताच ठरवा

पट्टी बांधून झाल्यावर हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून तो इथे सोडवा. खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर स्वच्छ गॉझने झाकून थेट दवाखाना गाठा:

– सांगितलेला वेळ दाबूनही रक्त थांबत नाही.
– जखमेत पिवळी चरबी, स्नायू किंवा हाड दिसतं.
– माती, काच, गंज आत आहे आणि धुऊन जाईल असं वाटत नाही.
– कातडीखाली काळसर, ताठर फुगवटा आहे आणि तो वाढतो आहे. नडगीवर असं झालं तर आत साठलेल्या रक्ताच्या दाबाने वरची कातडी मरू शकते. इथे थांबण्यात अर्थ नाही.
– पडताना डोक्याला मार लागला आहे आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, मग जखम कितीही लहान असो.
– जखम पावलावर आहे आणि मधुमेह आहे, किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असल्याचं आधीच ठाऊक आहे.

धनुर्वाताचं इंजेक्शन घरच्या जखमेलाही लागू शकतं. स्वच्छ, लहान जखमेत शेवटच्या डोसला १० वर्षं झाली असतील, किंवा मळलेल्या जखमेत ५ वर्षं, तर नवा डोस लागतो. वयस्कर माणसांत मूळचे सगळे डोसच पूर्ण झालेले नसण्याची शक्यता बरीच असते, म्हणून 'लहानपणी दिलं असेल' यावर विसंबू नका. आठवत नसेल तर डॉक्टरांना तसंच सांगा.

टप्पा ३: धुवा, घासू नका

कोमट सलाइन जखमेवरून हळूहळू सोडा. सलाइन नसेल तर पिण्यायोग्य स्वच्छ वाहतं पाणी चालतं. मळ निघेपर्यंत धुवा. पापुद्र्याखाली साकळलेलं रक्त असेल तर तेही पाण्याच्या धारेनेच बाहेर येऊ द्या. बोटाने किंवा गॉझने ओढून काढू नका. मग भोवतालची निरोगी कातडी टिपून कोरडी करा. जखमेचा तळ ओलसर राहू द्या.

जंतुनाशकांबद्दल स्पष्ट सांगतो. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट आणि पातळ न केलेली कडक द्रावणं जंतू मारतात, पण जखम भरणाऱ्या फायब्रोब्लास्ट आणि केराटिनोसाइट पेशीही मारतात. तरुण माणसाकडे त्या पेशींचा साठा भरपूर असतो, तो नुकसान भरून काढतो. उतारवयात तो साठा आधीच अपुरा आहे. फेस आला म्हणजे जखम स्वच्छ झाली असं वाटतं, प्रत्यक्षात भरावाला लागणारं मनुष्यबळच आपण कमी करत असतो. कोरडी पावडर आणि भुकटीही टाळा. जखमेतून झिरपणाऱ्या पाण्याबरोबर, म्हणजे लसेबरोबर, त्यांचा थर जमतो, तो काढताना खालची नवी कातडी उचकटते आणि जखमेत काय चाललंय ते दिसतही नाही. प्रतिजैविक मलम डॉक्टरांनी सांगितलं तरच लावा. निओमायसिन असलेल्या मलमांची ॲलर्जी वारंवार दिसते, आणि त्या पुरळाला घरचे लोक जंतुसंसर्ग समजून आणखी मलम लावतात.

टप्पा ४: पापुद्रा जागेवर आणा

सगळ्यात जास्त नुकसान याच टप्प्यावर होतं, म्हणून इथे घाई नको.

उचकटलेला पापुद्रा हा त्या माणसाची स्वतःची जिवंत कातडी असू शकतो. तो जागेवर बसला तर खालच्या उघड्या जागेला याच्याहून चांगलं आवरण दुसरं नाही, आणि काही भाग पुन्हा धरतोसुद्धा. तो कापून टाकला तर तेवढी सगळी जागा कडेच्या मंद पेशींना इंचाइंचाने सरकत झाकावी लागते. म्हणून कात्री लावायची नाही. काळा पडलेला, मेलेला भाग कापायचा की नाही हे डॉक्टर किंवा जखमांचं काम करणारी नर्स ठरवेल.

आधी नीट बघा, तीनपैकी काय आहे. पापुद्रा पूर्ण आहे आणि सगळी जखम झाकू शकतो? थोडा भाग गेला आहे? की पापुद्राच उरलेला नाही आणि तळ पूर्ण उघडा आहे? हे कागदावर लिहा. पुढे नर्सला सांगताना उपयोगी पडतं.

पापुद्रा वाळून आखडला असेल तर सलाइनमध्ये भिजवलेलं गॉझ त्यावर ५ ते १० मिनिटं ठेवा. तो मऊ होतो. मग हातमोजा घातलेल्या ओल्या बोटाने किंवा ओल्या गॉझच्या टोकाने त्याला जोडलेल्या बाजूकडून मोकळ्या कडेकडे हलकेच लोळवत आणा. ताणून कडेला कड भिडवायचा हट्ट करू नका. ताणलेल्या पापुद्र्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि दोन दिवसांत तो काळा पडतो. जिथपर्यंत सहज पोचेल तिथे सोडा. उरलेली फट आपणहून भरेल.

*तपासा:* जागेवर आणल्यावर पापुद्र्याचा रंग कसा आहे? भोवतालच्या कातडीशी मिळताजुळता असेल तर उत्तम. फिकट, काळपट किंवा जांभळट असेल तर २४ ते ४८ तासांत नर्स किंवा डॉक्टरांकडून पुन्हा बघून घ्या.

*चूक:* कडा जुळवायला कागदी चिकटपट्ट्या लावणं. अशा कातडीत त्या पट्ट्या जखमेच्या बाजूची चांगली कातडीही घेऊन निघतात. टाकेही इथे बहुधा टिकत नाहीत, कातडी धाग्याभोवती फाटते.

टप्पा ५: पट्टी बांधा, आणि तिच्यावर बाण काढा

जखम उघडी ठेवून वाळवायची, ही समजूत सगळ्यात चिवट आहे. वाळलेल्या जखमेवर कडक खपली धरते. कडेच्या पेशींना मग खपलीखालून, वाळलेल्या थराच्या अजून खालून वाट काढावी लागते. ओलसर तळावरून त्या थेट सरकतात. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर केलेल्या प्रयोगात झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर उघड्या जखमांपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने नवी कातडी आली. ज्या माणसाच्या पेशी आधीच मंद आहेत त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

ओलसर म्हणजे ओलीचिंब नव्हे. लस इतकी साठली की भोवतालची कातडी पांढरी, सुरकुतलेली दिसते, तर ड्रेसिंग कमी शोषतंय असं समजा आणि जास्त शोषणारं घ्या.

क्रम असा ठेवा:

१. सिलिकॉनची जाळी किंवा सिलिकॉन फोम जखमेवर ठेवा. चारी बाजूंनी निदान २ सेंटीमीटर निरोगी कातडीवर यायला हवं.
२. जाळी वापरली असेल तर वर शोषणारं गॉझ ठेवा.
३. रोलर बँडेज किंवा नळीची पट्टी हलक्या हाताने चढवा. चिकटपट्टी लावायचीच असेल तर ती बँडेजवर लावा, कातडीवर नाही.
४. पेनने वरच्या बाजूला बाण काढा: पापुद्रा जोडलेल्या बाजूकडून मोकळ्या कडेकडे. पट्टी निघेल ती याच दिशेने. शेजारी तारीख लिहा.

बाण काढायला अर्धं मिनिट लागतं आणि बहुतेक जण तो काढत नाहीत. पाच दिवसांनी, कदाचित दुसरंच कुणी पट्टी काढताना, पापुद्रा कुठून सुटला होता हे कुणालाही आठवत नाही. उलट्या दिशेने एक ओढ बसली की धरलेली कातडी पुन्हा उघडते आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

पारदर्शक चिकट फिल्म आणि कातडीला घट्ट धरणारी हायड्रोकोलॉइड ड्रेसिंगं इतरत्र चांगली असतात, फाटलेल्या म्हाताऱ्या कातडीवर नकोत. त्यांची पकड त्या कातडीच्या स्वतःच्या पकडीपेक्षा जास्त असते.

*तपासा:* बांधल्यावर १० मिनिटांनी बोटांची नखं दाबून सोडा. रंग दोन-तीन सेकंदांत परत यायला हवा. बोटं गार, निळसर किंवा बधिर वाटली तर सैल करा.

*इशारा:* पायावर घट्ट क्रेप बँडेज आपल्या मनाने बांधू नका. शिरांचा दोष असेल तर दाबाच्या पट्टीने जखम भरते, पण धमन्या अरुंद असतील तर त्याच पट्टीने पाय धोक्यात येतो. घोटा आणि दंड यांचा रक्तदाब तुलनेने मोजल्याशिवाय हे कळत नाही.

टप्पा ६: पहिले पाच-सात दिवस हात आवरा

सिलिकॉनची पट्टी कोरडी आणि जागेवर असेल तर ५ ते ७ दिवस उघडायची नाही. जखम उघडली की ती गार पडते, वाळते, आणि पेशींचं काम पुन्हा वेग घ्यायला वेळ लागतो. शिवाय प्रत्येक ओढीबरोबर नव्या पेशी निघतात.

न उघडता रोज एवढं करा. पट्टीतून लस बाहेर आली का, वास येतो का, पट्टीच्या वर-खाली सूज आहे का, हात लावून भोवती गरम लागतं का ते बघा. माणसाला विचारा, दुखणं कालपेक्षा कमी की जास्त? उतारवयात वेदना बोथट होते, म्हणून 'काही नाही, बरं आहे' या उत्तरावर थांबू नका. हात लावून बघाच.

जंतुसंसर्गाची लक्षणं पाठ असू द्या: वाढत जाणारं दुखणं, पसरता लालसरपणा, ऊब, सूज, घट्ट पू, दुर्गंध. लालसरपणाची कड पेनने आखून ठेवा. ती रेषा ओलांडली तर त्याच दिवशी डॉक्टर. सावळ्या आणि गडद रंगावर लाली दिसत नाही. तिथे जांभळट किंवा आणखी गडद छटा, चकाकी, कडकपणा आणि ऊब यांवरून ओळखायचं. दोन्ही हात किंवा दोन्ही पाय शेजारी ठेवून बघितलं की फरक लवकर कळतो.

आणि हे विसरू नका: वयस्कर माणसाला जंतुसंसर्गात ताप येईलच असं नाही. अचानक गोंधळल्यासारखं बोलणं, जेवण तुटणं, गळून जाणं, पुन्हा तोल जाणं, ही पहिली आणि कधीकधी एकमेव लक्षणं असतात.

पट्टी लवकर उघडायची कारणं मोजकी: ती भिजली, सुटली, लस बाहेर आली, किंवा वरचं एखादं लक्षण दिसलं. कुतूहल हे कारण नाही.

टप्पा ७: पट्टी काढणं

आधी हात, मग सामान, मग पट्टी. नवं ड्रेसिंग तयार असल्याशिवाय जुनं काढू नका, नाहीतर शोधाशोध होईपर्यंत जखम उघडी पडून राहते.

बाणाच्या दिशेने, कातडीला समांतर, सावकाश मागे दुमडत काढा. दुसऱ्या हाताने मागची कातडी हलकेच धरून ठेवा. अडकलं तर सलाइन सोडून काही मिनिटं थांबा. झटका देऊन 'एकदाच काय ते' हा प्रकार इथे चालत नाही.

आत काय दिसतं ते घाबरण्यासारखं वाटू शकतं, पण बऱ्याचदा ते ठीक असतं. ओलसर, गुलाबी-लाल दाणेदार तळ म्हणजे भराव चालू आहे. कडेने आत येणारी फिकट, मोत्यासारखी चकाकती पट्टी ही नवी कातडी आहे, तिला पुसू नका. पातळ पिवळसर लस ठीक. तळाला चिकटलेला पिवळा थर म्हणजे पू असेलच असं नाही, तो बऱ्याचदा साफसफाईतला उरलेला कचरा असतो. तो नखाने किंवा गॉझने खरवडू नका, वाढत असेल तर नर्सला दाखवा.

धुवा, टिपा, टप्पा ५ प्रमाणे पुन्हा बांधा.

टप्पा ८: हळू चाललीय की अडकलीय, हे मोजून ठरवा

डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. दर पट्टीला सर्वांत जास्त लांबी आणि तिला काटकोनात रुंदी मोजा, मोजपट्टी शेजारी ठेवून त्याच अंतरावरून, त्याच उजेडात फोटो काढा. हातावरच्या बहुतेक फाटलेल्या जखमा उतारवयात २ ते ४ आठवड्यांत भरतात. नडगीवर कातडी ताणलेली आणि रक्तपुरवठा कमी, म्हणून तिथे जास्त वेळ लागतो. आठवड्याला थोडी का होईना, लहान होत असेल तर क्रम बदलू नका. मलमं बदलत बसल्याने वेग वाढत नाही.

मात्र गुडघ्याखालची जखम २ आठवड्यांत काहीच लहान झाली नसेल तर पायाचा रक्तपुरवठा आणि शिरा तपासून घ्या. कुठलीही जखम ४ आठवड्यांत निम्म्याच्या आसपास आली नसेल तर तिच्यामागचं कारण शोधायला हवं. रक्तातली साखर, पायांची सूज, जखमेवर सतत येणारा दाब, रक्तक्षय, प्रथिनांची कमतरता, स्टिरॉइड, तंबाखू: यादी मोठी आहे आणि त्यातलं बरंचसं बदलता येतं. 'वय' हे निदान म्हणून स्वीकारू नका. आणखी एक शक्यता डॉक्टरांना स्वतःहून विचारा. उन्हात राहणाऱ्या जागी, विशेषतः चेहऱ्यावर, कानावर, नडगीवर, कडा उचललेली आणि वारंवार खपली धरून रक्त येणारी 'जखम' त्वचेचा कर्करोग असू शकते. लहानसा तुकडा तपासला की उत्तर मिळतं.

टप्पा ९: आतून लागणारं सामान

कोलॅजन प्रथिनांपासून बनतं. जखम असलेल्या वयस्कर माणसाला रोज वजनाच्या दर किलोला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलो वजनाला ६० ते ७५ ग्रॅम. भूक मंद असेल तर थोडं थोडं, पण प्रत्येक खाण्यात प्रथिनं असू द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा आधी डॉक्टरांना विचारा. क जीवनसत्त्व आणि जस्त यांची उणीव असेल तर ती भरून काढल्याने फायदा होतो. उणीव नसताना गोळ्यांचा मारा करून जखम लवकर भरत नाही. तंबाखू कोणत्याही रूपात रक्तवाहिन्या आवळते. जखम भरेपर्यंत तरी बंद ठेवायला माणूस तयार होतो का, हे विचारून बघा. स्टिरॉइड मात्र अचानक बंद करणं धोक्याचं आहे.

पाय सुजत असतील तर बसताना ते उंच ठेवा. सुजलेल्या कातडीत प्राणवायू नीट पोचत नाही आणि लस थांबत नाही.

टप्पा १०: भरल्यावर, आणि पुढची जखम टाळताना

वरून झाकली गेली म्हणजे आतून पक्की झाली असं नव्हे. तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला भरलेल्या जागेत मूळ कातडीच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकीच ताकद असते. महिन्यांनंतरही ती ८० टक्क्यांच्या आसपास थांबते. म्हणून पट्टी सुटल्यावर निदान काही आठवडे त्या जागी मऊ बाही किंवा नळीची पट्टी असू द्या, आणि उन्हापासून जपा.

एकदा फाटलेली कातडी पुन्हा फाटण्याची शक्यता जास्त असते. यावर सर्वांत साधा उपाय मॉइश्चरायझर आहे. ऑस्ट्रेलियातल्या वृद्धनिवासांत झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हातापायांना दिवसातून दोनदा मॉइश्चरायझर लावल्यावर कातडी फाटण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. सुगंध नसलेलं घ्या. अंघोळीनंतर कातडी टिपून, ती किंचित ओलसर असतानाच, केसांच्या दिशेने वरून खाली पसरवा. जोरात चोळू नका. साबण सौम्य आणि मोजका वापरा. साधा साबण अल्कधर्मी असतो, आणि उतारवयात कातडीचं आम्लधर्मी संरक्षक आवरण आधीच कमकुवत झालेलं असतं. पाणी कोमट ठेवा.

घरात गुडघ्याच्या उंचीवरून फिरून या. पलंगाची कड, चाकाच्या खुर्चीचं पायठेवणं, टेबलाचे कोपरे यांना मऊ गादी बांधा. रात्री संडासाकडच्या वाटेवर दिवा ठेवा.

सांभाळणाऱ्याने स्वतःची नखं कापलेली ठेवावीत, अंगठी आणि घड्याळ काढून मग हात लावावा. उठवताना मनगटाला किंवा दंडाला धरून ओढू नका. बोटांच्या पकडीखालीच कातडी सर्वांत जास्त फाटते. पाठीमागे आणि कोपराखाली उघडा तळहात देऊन आधार द्या, सरकवायचं असेल तर खालच्या चादरीसकट दोघांनी उचला, आणि रक्तासाठी किंवा सलाइनसाठी सुई लावणाऱ्याला आधीच सांगा: कातडी फाटते, चिकटपट्टी नको, बँडेज बांधा.